सहा बोटं खाली

१

तिन्ही भोकं इतकी जवळजवळ होती की एका बिस्किटाखाली झाकली गेली असती. एरवी अशा नेमाला शाबासकी मिळते. पण ही भोकं कागदावरच्या काळ्या ठिपक्याच्या चांगली सहा बोटं खाली होती, आणि त्या सहा बोटांपायी एका माणसाचं राहतं घर जाणार होतं.

शनिवारची सकाळ होती. ग्लेन फियारा या शिकारीच्या डोंगराळ इस्टेटीचा कारभारी डग्लस पिटकेर्न शंभर यार्डांवरच्या निशाणाच्या फळीवरून तो कागद सोडवून आणत होता. म्हातारा टॉर्किल मॅकअस्किल काठीवर हनुवटी टेकून त्याची चाल बघत होता. कोर्टात खटला जिंकलेला माणूस पायऱ्या उतरतो, तसा पिटकेर्न चिखलातून येत होता. टॉर्किलला त्या चालीचाच आधी राग आला.

"शंभरावर सहा बोटं, म्हणजे दोनशेवर बारा," पिटकेर्न म्हणाला. "बारा बोटं म्हणजे वीत. काळजावर धरलेली गोळी पायाला लागणार, दुसरं काय होणार?"

झालं होतं तसंच. गुरुवारी स्पेनहून आलेल्या पाहुण्याने दोनशे यार्डांवरून एका मोठ्या नर हरणावर गोळी झाडली. गोळी पुढच्या पायाला लागली. जनावर तीन पायांवर डोंगरापलीकडे गेलं आणि शुक्रवारी दुपारी कुत्र्याने माग काढला तेव्हा कुठे यातनांतून सुटलं. चोवीस तास. टॉर्किलच्या एक्केचाळीस वर्षांच्या नोकरीत असं दोनदाच घडलं होतं, आणि ती दोन्ही हरणं त्याला अजून आठवत.

"सोमवारी याच रायफलीच्या तिन्ही गोळ्या मधोमध होत्या," फार्कर म्हणाला. फार्कर मॅथेसन हा इथला मुख्य वाटाड्या; टॉर्किलनंतर सहा वर्षांपूर्वी ती जागा त्याला मिळाली होती. "वहीत कागद चिकटवलाय. खाली पाहुण्यांची सही आहे."

या रानात पाहुणा राजा असो की रंक, आणि त्याची रायफल घरी कितीही नेमकी असो, प्रवासातून आल्यावर पहिल्या दिवशी तीन गोळ्या फळीवर झाडल्याखेरीज त्याला डोंगर चढू देत नाहीत.

"तेच म्हणतोय मी. सोमवारी ठीक, गुरुवारी बिघडलेली. मधल्या काळात डोंगरावर ती कुणाच्या खांद्यावर होती?"

उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं. इथे पाहुणा आपली रायफल वाहत नाही. वाटाड्या ती गवसणीत घालून खांद्यावर नेतो आणि अगदी शेवटच्या क्षणी पाहुण्याच्या हातात देतो.

"तू पडलास. रायफलीवरची दुर्बीण आपटली. आणि तू तोंड उघडलं नाहीस," पिटकेर्न म्हणाला.

"मी पडलो नाही."

पडणं हा गुन्हा नव्हता. ओल्या डोंगरात कोण पडत नाही? पण पडलेल्याने ते सांगायचं, परत फळीकडे यायचं आणि पुन्हा तीन गोळ्या झाडायच्या. लपवणाऱ्याला या धंद्यात जागा नाही. पिटकेर्नने सांगून टाकलं की सोमवारी नऊ वाजता टपालाची गाडी येईल, ती फार्करच्या बडतर्फीचं पत्र घेऊन जाईल. फार्करचं घर नोकरीसोबतचं. नोकरी गेली की महिन्यात घर खाली.

तासाभराने मालकीण मिसेस बालफोर बंदुकांच्या खोलीत आल्या. त्यांनी चहाचा कप टेबलावर ठेवला आणि सवयीने बशीला हात लावून थांबल्या. टेबल हललं नाही.

"हे डुगडुगायचं ना?"

"बुधवारी बसवलं, बाईसाहेब," टॉर्किल म्हणाला. निवृत्त झाला तरी खोलीच्या तीन किल्ल्यांपैकी एक त्याच्याकडे होती. दुसरी फार्करकडे, तिसरी पिटकेर्नकडे. बुधवारी आणि शनिवारी येऊन तो बंदुका पुसायचा. दुसऱ्या कुणाचं पुसणं त्याला पसंत पडायचं नाही.

"टॉर्किल, फार्करला तुम्ही शिकवलंत. सोमवारी नऊच्या आत मला खरं काय ते सांगा. तो पडला असेल तर तसंच सांगा. मला पांघरूण नकोय."

"आणि पडला नसेल तर?"

"तर त्या सहा बोटांचं उत्तर घेऊन या," त्या म्हणाल्या.

२

स्पॅनिश पाहुणा जेवणाच्या खोलीत खिडकीशी बसला होता. समोरची मासळी गार होऊन गेली होती. लेआंद्रो किन्तानिया त्याचं नाव. साठीचा, सोरियाकडच्या कोरड्या पठारावरचा, धंद्याने गुरांचा डॉक्टर. टॉर्किल बसायच्या आतच त्याने तोंड सोडलं.

"तीस वर्षं मी जनावरांचे मोडलेले पाय बसवतोय. आणि इथे येऊन एकाचा पाय मोडला. तुम्हाला काय विचारायचंय? हात हलला का? नाही हलला."

"मी अजून विचारलंच नाही."

"सगळ्यांनी विचारलंय. मी उत्तर दिलं की सगळे मान हलवतात. हो हो, सेन्योर. मला तुमचं हे हो हो नकोय. कुणीतरी एकदा माझ्याशी भांडा तरी."

टॉर्किलला हा माणूस आवडू लागला. "बरं, भांडतो. विमानात रायफल आपटली असेल."

"मग सोमवारी नेम बरोबर कसा लागला?" लेआंद्रोने त्याच्याकडे बोट रोखलं. "आणि माझ्या मुलीने निघताना दुर्बिणीवर नखांना लावायच्या लाल रंगाची रेघ ओढलीय. अर्धी दुर्बिणीवर, अर्धी तिला धरणाऱ्या कडीवर. दुर्बीण केसभर सरकली तरी रेघ मोडते. बघून घ्या."

टॉर्किलच्या मनात ही गोष्ट पक्की बसली. पोरगी हुशार दिसते, त्याला वाटलं.

"रायफल कुणाची?"

"वडिलांची. अक्रोडाचा दस्ता आहे. आमच्या गावचा कारागीर फर्मिन, त्याने बसवून दिलेली. चाळीस वर्षांत तिच्या स्क्रूंना कुणी हात लावलेला नाही. वडिलांनी बजावलं होतं, उघडायची नाही म्हणून. का, ते सांगितलं नाही. आमचे वडील कधी 'का' सांगत?" त्याने खिडकीबाहेरच्या पावसाकडे बघून हात झटकला. "आणि तिकडे उघडायची गरजही पडत नाही. आमच्याकडे माणूस नदीतून निघून घरी पोचेपर्यंत केस वाळलेले असतात. इथे आठवडा झाला, माझे मोजे वाळेनात."

टॉर्किल उठला. त्याच्या डोक्यात आता फक्त ती लाल रेघ होती, आणि तिच्याकडे जायच्या वाटेवर तबेला होता.

३

इशबेल घोडीचा खूर मांडीवर घेऊन चिखल खरवडत होती. मारलेलं हरीण डोंगरावरून उतरवून आणायचं काम तिचं आणि तिच्या घोडीचं. गुरुवारी ती फार्कर आणि पाहुण्याच्या मागे हाकेच्या अंतरावर होती.

"म्हातारबा, चौकशीला आलात की चहाला?"

"चहा मिळणार आहे का?"

"नाही."

"मग चौकशीला. गुरुवारी काय पाहिलंस?"

"पाऊस पाहिला. बुधवारचाच, उरलेला." बुधवारी दुपारी असा झोडपला होता की सगळे अर्ध्या वाटेतून परतले होते आणि चारही रायफली पाणी गळत खोलीत आल्या होत्या. "गुरुवारी अकराला उघडला. मग फट्कन गोळी. मग तो सेन्योर दगडावर डोकं धरून बसलेला."

"त्याच्या आधी?"

ती खूर खरवडत राहिली. खूर केव्हाच स्वच्छ झाला होता.

"इशबेल, मी तुझ्या आईचं लग्न पाहिलंय. तू काहीतरी गिळते आहेस हे मला इथून दिसतंय."

"तुम्ही पिटकेर्नला सांगाल."

"मी बाईसाहेबांना सांगणार. खरं असेल ते."

"तेच ते." तिने खूर खाली सोडला आणि घोडीच्या मानेवर हात ठेवला. "त्याची बायको पाचव्या महिन्यात आहे, ठाऊक आहे ना? पिटकेर्नला ते घर उन्हाळी पर्यटकांना भाड्याने द्यायचंय, हेही ठाऊक असेल. मग कशाला विचारता?"

"विचारतोय."

"वरचा ओढा ओलांडताना," ती हळू आवाजात म्हणाली. "शेवाळावरून पाय सटकला. पडला तो, टॉर्किल. रायफल खांद्यावर असताना."

सकाळी सगळ्यांसमोर फार्कर तोंडावर खोटं बोलला होता.

४

फार्करच्या घराचं दार उघडंच होतं. आत ऊना, त्याची बायको, कपबश्या वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात भरत होती. टॉर्किलला बघून तिने 'या' म्हटलं नाही.

"इतक्यातच बांधाबांध?"

"पिटकेर्न काल येऊन खिडक्या मोजून गेला," ऊना म्हणाली. "पडदे शिवायचे असतील त्याला."

फार्कर चुलीपाशी बसला होता. टॉर्किलने टोपीसुद्धा काढली नाही. "ओढ्यात पडलास?"

"इशबेल बोलली वाटतं."

"मी तुला विचारतोय."

"हो, पडलो. गुडघ्यावर." फार्करने विजार वर सरकवली. गुडघा सुजून काळानिळा झाला होता. "दोन्ही हातांनी रायफल डोक्यावर धरली होती. हात मोकळे ठेवले असते तर हा असा झाला नसता. मी पडलो, रायफल पडली नाही. तिला पाण्याचा थेंबसुद्धा लागला नाही."

"मग सकाळी 'नाही' का म्हणालास?"

"पिटकेर्नने पडलास का म्हणून विचारलं नव्हतं. पडलास आणि दुर्बीण आपटलीस, असं एका दमात ठोकून दिलं होतं. पहिल्याला हो म्हटलं की दुसऱ्यालाही हो झालंच. पुढचं ऐकणार होतं कोण? तुम्ही ऐकलं असतं?"

टॉर्किलचं डोकं फिरलं. वीस वर्षं या माणसाला त्याने वारा ओळखायला शिकवलं, पोटावर सरपटायला शिकवलं, आणि शेवटी हा असा वकिलासारखं बोलणार.

"पुन्हा विचारतो. रायफल कुठे टेकली, आपटली, निसटली?"

"नाही."

"शपथेवर?"

"तिसऱ्यांदा विचारताय तुम्ही."

"पडल्यावर सांगायचं, फार्कर. बारीक असो की मोठं. लपवायला मी तुला शिकवलं नव्हतं."

"सगळं तुम्हीच शिकवलंत त्याला," ऊना खोक्यावर दोरी आवळत म्हणाली. "झोपेतसुद्धा तुमच्या पद्धतीनेच घोरतो. आता जा, टॉर्किल. मला अजून स्वयंपाकघर आवरायचंय."

पावसात बाहेर पडताना टॉर्किल स्वतःशीच करवादत होता. फार्करवर विश्वास ठेवावा तर सहा बोटं समोर उभी, न ठेवावा तर तो गुडघा डोळ्यांपुढून हलेना.

५

बंदुकांच्या खोलीत त्याने दिवा लावला, चष्मा पुसला आणि लेआंद्रोची रायफल टेबलावर आडवी ठेवली. टेबल जराही डुगडुगलं नाही. या आठवड्यात तेवढंच एक काम धड झालं होतं.

लाल रेघ अखंड होती.

त्याने भिंग लावून पाहिलं. कडीवरून दुर्बिणीवर सलग गेलेली, कुठे तडा नाही. दुर्बिणीवरच्या दोन्ही टोपणांवरही पोरीने ठिपके दिले होते, तेही जसेच्या तसे, म्हणजे आतली नेम जुळवायची चक्रं कुणी फिरवली नव्हती. काचेला ओरखडा नाही, गवसणीला चिखल नाही. फार्कर खरं बोलत होता. टॉर्किल खुर्चीत बसला. त्याला बरं वाटलं आणि लाजही वाटली.

पण मग भोकं खाली का?

तेवढ्यात पिटकेर्न आत आला. टॉर्किलने त्याला रेघ दाखवली. पिटकेर्नने ती नीट पाहिली, एवढं त्याच्या बाजूने म्हणावं लागेल.

"मग लाकूड फुगलं असेल," पिटकेर्न म्हणाला. "कोरड्या मुलखातलं लाकूड, बुधवारी भिजलं. आणि ओल्या दिवसानंतर लाकडी दस्त्याची रायफल पुन्हा फळीवर तपासणं फार्करचंच काम. म्हणजे पत्र जाणारच."

"लाकूड फुगलं तर काय होतं, कारभारीसाहेब? खालून नळीला वर रेटतं. नळी वर गेली की गोळी वर जाते. ही खाली गेलीय."

पिटकेर्न वाकून नळीकडे बघू लागला.

"काही वाढलेलं नाही," टॉर्किल हळूहळू म्हणाला. हे त्याला बोलता बोलताच सुचत होतं. "उलट नळीखालचा आधार कमी झालाय." त्याने रायफल उलटी केली, पोटाकडचे दोन स्क्रू दिव्याखाली धरले आणि जागच्या जागी थबकला. काळपट, चाळीस वर्षं जुन्या त्या स्क्रूंच्या खाचा चकचकत होत्या. त्यांत नुकताच स्क्रूड्रायव्हर फिरला होता.

"कुणीतरी उघडलीय ही," तो म्हणाला. "इथेच, आणि याच आठवड्यात. आणि किल्ल्या तीनच आहेत."

"माझ्याकडे बघू नका," पिटकेर्न म्हणाला. "त्या तेलाच्या वासानेच माझं डोकं दुखतं. घर हवंय मला, हो. त्यासाठी हरणाचा पाय मोडण्याइतका नीच नाही मी."

"मग कुणी?"

"शोधा. तुम्हालाच नेमलंय." दार आपटून तो गेला.

पिटकेर्न नाही. फार्कर म्हणावा, तर बुधवारी डोंगरावरून उतरल्यावर तो मेंढ्यांच्या कुंपणावर होता, अंधार पडेपर्यंत. ते टॉर्किलला पक्कं माहीत होतं, कारण त्या संध्याकाळी खोलीत तो स्वतः एकटाच होता. एकटाच, शेगडीपाशी, पाणी गळणाऱ्या चार रायफली घेऊन.

त्याने चष्मा काढून टेबलावर ठेवला.

६

ओली रायफल आली की दस्त्याचे स्क्रू काढायचे, नळी उचलायची, खालचं पाणी टिपायचं, तेलाचं बोट फिरवायचं, पुन्हा आवळून ठेवायचं. टॉर्किलने हे हजारो वेळा केलं होतं. इस्टेटीच्या रायफलींना त्याने काही फरक पडत नव्हता. त्यांच्या नळ्या दस्त्याला टेकतच नव्हत्या. बुटाची नाडी सोडली हे जसं कुणाला आठवत नाही, तसं त्याला आपण काही उघडलं होतं हेच आठवलं नव्हतं. रायफलीला कुणी हात लावला, हे तो दिवसभर साऱ्या दरीला विचारत फिरला होता.

त्याने स्क्रू काढले. दस्त्याच्या टोकाशी, नळीच्या खाचेत, तेलाने काळ्या पडलेल्या अक्रोडावर नखाएवढा एक फिकट चौकोन होता. तिथे चाळीस वर्षं काहीतरी बसलेलं होतं.

आणि आता त्याला तेही आठवलं. बुधवारी नळीखाली घडी घातलेलं जाड कागदाचं चिटोरं निघालं होतं, ओलं, तेलकट. त्याने त्या स्पॅनिश माणसाच्या गचाळपणाला शिवी घातली होती. या देशात लोखंडाखाली ओला कागद राहिला तर महिन्यात गंज धरतो. असला कागद दिसला की काढायचा, हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. त्याने तो काढला होता. आणि फेकायच्या आधी त्याची जाडी बघून त्याला एक युक्ती सुचली होती.

दुखऱ्या कमरेला हात लावत तो गुडघ्यांवर बसला आणि टेबलाच्या डाव्या पायाखालून चिटोरं ओढून काढलं. उलगडलं. खेळायच्या पत्त्याचा तो एक तुकडा होता. वर अर्धं पिवळं नाणं छापलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी रविवार. त्या दरीत रविवारी गोळी सुटत नाही. दोरीवर कपडेसुद्धा कुणी वाळत घालत नाही. पत्ता जागेवर ठेवून नेम परत येतो का, हे पाहायला सोमवारपर्यंत थांबणं भाग होतं. टॉर्किल चर्चमध्ये आपल्या नेहमीच्या बाकावर बसला, आणि कोटाच्या खिशातलं ते चिटोरं त्याच्या बोटांना सारखं लागत राहिलं. पुढच्या बाकावर फार्कर आणि ऊना होते. फार्करने गुडघा अवघडून बाहेर काढला होता. कुणी त्यांच्याशी बोललं नाही.

घरी येऊन तो चुलीसमोर बसला. चिटोरं आत टाकायला एक क्षण पुरला असता. स्क्रूच्या खाचा चकचकतात म्हणून कुणी काही सिद्ध करू शकलं नसतं. त्याच्या एक्केचाळीस वर्षांना डाग लागला नसता. पुढच्या बुधवारी तो किल्ली घेऊन गेला असता, बंदुका पुसल्या असत्या, आणि फार्करच्या घराला नवे पडदे लागले असते. हे सगळं त्याच्या मनात आलं. आलं म्हणून त्याला स्वतःचा इतका संताप आला की त्या रात्री तो जेवला नाही.

७

सोमवारी आठ वाजता फळीसमोर पाच माणसं उभी होती. मिसेस बालफोर, पत्र खिशात घेतलेला पिटकेर्न, फार्कर, इशबेल आणि बॅगा भरून तयार असलेला लेआंद्रो. सहावा टॉर्किल, रायफल घेऊन. सगळ्यांदेखत त्याने स्क्रू काढले, ते चिटोरं होतं तशी घडी घालून फिकट चौकोनावर ठेवलं, नळी बसवली आणि आवळली.

"झाडा," त्याने लेआंद्रोला सांगितलं.

लेआंद्रो ओल्या गवतावर आडवा झाला. तीन गोळ्या सुटल्या. कागद आणायला इशबेल पळत गेली आणि येताना चालत आली, कागद डोक्यावर धरून. तिन्ही भोकं काळ्या ठिपक्यात होती.

"दाखवा मला ते," लेआंद्रो उठत म्हणाला. टॉर्किलने पुन्हा उघडून तुकडा त्याच्या तळहातावर ठेवला. लेआंद्रोने तो उलटसुलट केला आणि त्याचे खांदे हलू लागले. तो हसतोय की रडतोय, हे कुणाला कळेना.

"पाच नाण्यांचा पत्ता," तो म्हणाला. "आमच्या गावच्या खानावळीतल्या चाळीस पत्त्यांच्या कॅटात हा पत्ता कधीच नसायचा. मी विशीत असल्यापासून. वडील म्हणायचे, फर्मिनने खाल्ला. चाळीस वर्षं सारं गाव एकोणचाळीस पत्त्यांवर खेळतंय."

"पण काढला कुणी तो?" पिटकेर्नने विचारलं.

"मी," टॉर्किल म्हणाला. "बुधवारी बंदूक ओली होती म्हणून उघडली. कागद दिसला, काढला, टेबलाच्या पायाखाली घातला. फार्करला सांगितलं नाही, कारण त्यात सांगण्यासारखं काही आहे असं मला वाटलंच नाही. नुसती भिजलेली चालते, पण उघडलेली रायफल फळीवर तपासल्याशिवाय डोंगरावर जाऊ नये, हा नियम मीच वहीत लिहिलाय. फार्कर गुरुवारी तपासल्याशिवाय गेला, कारण ती उघडली होती हे त्याला ठाऊक नव्हतं. त्या हरणाचा पाय माझ्यामुळे मोडला."

त्याने खिशातून किल्ली काढून मिसेस बालफोरसमोर धरली. त्या काहीतरी म्हणणार होत्या, पण त्याच्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी ती घेतली. पिटकेर्नने पत्राचे दोन तुकडे केले, मग चार, आणि ते कुठे टाकावेत हे न कळून पुन्हा खिशातच घातले. नऊ वाजता टपालाची गाडी आली आणि रिकामी गेली.

फार्कर केव्हाच घराकडे निघून गेला होता. टॉर्किलकडे त्याने एकदाही पाहिलं नव्हतं.

टॉर्किल त्याच्या दारात पोचला तेव्हा दम लागला होता. या वेळी त्याने टोपी काढली.

"मी तुला तीनदा विचारलं," तो म्हणाला. "स्वतःला एकदाही विचारलं नाही. माझं चुकलं, फार्कर."

फार्कर चुलीपाशी उभा होता. वीस वर्षांत हे वाक्य त्याने टॉर्किलच्या तोंडून ऐकलं नव्हतं, आणि आता त्याचं काय करायचं हे त्याला समजत नव्हतं.

"शनिवारी तुम्ही माझ्या बायकोसमोर बोललात," तो शेवटी म्हणाला.

"म्हणून आत्ताही तिच्यासमोरच बोलतोय."

मग ऊनाने पायाने एक खोकं टॉर्किलच्या दिशेने सरकवलं. "आलाच आहात तर हे वरच्या फळीवर ठेवा. मला वाकवत नाही आणि याचा गुडघा कामातून गेलाय. कपबश्या आहेत, सांभाळून."

टॉर्किलने काठी भिंतीला टेकवली आणि खोकं उचललं.

"आणि फळीवर काही अंथरलेलं असेल तर असू द्या," फार्कर मागून म्हणाला. "उगाच काढून फेकू नका."

फळीवर जुन्या वर्तमानपत्राची घडी होती, एका बाजूला जरा जाड. टॉर्किलने ती होती तशीच राहू दिली आणि खोकं तिच्यावर ठेवलं.